माल कुठला आणि नोंद कुठली?

वाचकहो, आपल्या गावचे दूध तालुक्याच्या शीतकरण केंद्रात गेले आणि तिथल्या वहीत ते तालुक्याच्याच नावावर लिहिले गेले, तर वरच्या साहेबांना काय वाटेल? या गावात गुरेच नाहीत! मग गावाला संकलन केंद्र कोण देणार? विमानांच्या हिशेबात असेच घडते, आणि त्या हिशेबावर आज शेतजमिनीचा सवाल उभा आहे.

पुण्याच्या कोथरूडचेच पाहा. एकेकाळी शेतीवाडीचे खेडे, आज शहराचे दाट उपनगर. इथल्या अनेक घरांतली मुलेमुली अमेरिकेत, युरोपात, आखाती देशांत आहेत. लेकीच्या बाळंतपणाला अमेरिकेला निघालेली आई चांदणी चौकातून मोटारीने सुमारे दीडशे किलोमीटरवरची मुंबई गाठते. कारण लोहगावहून परदेशी विमाने मोजकीच. लोहगाव हा मुळात हवाई दलाचा तळ. धावपट्टी सुमारे अडीच किलोमीटरची. लांब पल्ल्याचे मोठे विमान पूर्ण भरून तिथून उडू शकत नाही. ही आई विमानात बसली मुंबईला, म्हणून तिची नोंद मुंबईची. दुबईला विमान बदलले, तर पहिल्या विमानाच्या यादीत ती दुबईची प्रवासी. कोथरूड आणि अमेरिका, दोन्ही हिशेबातून गळाले.

मालाचेही तेच. मावळातल्या हरितगृहांतले गुलाब फेब्रुवारीत परदेशी जातात, ते मुंबईच्या विमानतळावरून. द्राक्षे मात्र बहुतेक जहाजानेच जातात, कारण विमानाचे भाडे त्यांना परवडत नाही. लवकर खराब होणारा आणि चांगला भाव मिळणारा मालच विमानाने पाठवणे परवडते. जगाच्या व्यापारात विमानाने जाणारा माल वजनाने 1 टक्क्याहूनही कमी, पण किमतीने सुमारे एक तृतीयांश आहे. त्यातला बराच माल प्रवासी विमानांच्या पोटात जातो. 2020 मध्ये करोनामुळे प्रवासी विमाने थांबली, तेव्हा मालाची जागाही गेली आणि भाडे भडकले. म्हणून माणसे आणि माल यांचा हिशेब एकत्रच मांडावा लागतो.

हा हिशेब सरकारला कशाला हवा? 1944 च्या शिकागो करारानुसार प्रत्येक देश आपल्या आकाशाचा धनी आहे. त्यामुळे आठवड्याला किती विमाने किंवा किती आसने न्यायची, हे दोन देश करार करून ठरवतात. दुबईशी आपला करार दर आठवड्याला प्रत्येक बाजूस सुमारे 66 हजार आसनांचा आहे, आणि दुबईला ती वाढवून हवी आहेत. वाढवली तर तिकीट उतरेल. पण पुढच्या प्रवासाची माणसे दुबईमार्गेच जात राहतील, आणि आपल्या विमानतळांवरून थेट विमाने सुरू होणे मागे पडेल. प्रवासी कुठून निघाला आणि कुठे पोचला, हे कळल्याशिवाय असा निर्णय नीट होत नाही.

विमानतळ बांधायचा की नाही, हेही याच आकड्यांवर ठरते. पुरंदर तालुक्यात सात गावांच्या जमिनीवर विमानतळ योजला आहे. पुरंदरच्या अंजिराला भौगोलिक मानांकन आहे. 2025 च्या मे महिन्यात गावकऱ्यांनी तिथल्या मोजणीला विरोध केला. त्याच वर्षी डिसेंबरात नवी मुंबईचा विमानतळ सुरू झाला, आणि कोथरूडकरांना तो मुंबईपेक्षा जवळचा आहे. आकडा कमी धरला तर पुण्याच्या प्रवाशांची आणि मावळच्या फुलांची गैरसोय कायम राहील. फुगवून धरला तर बागाही जातील आणि धावपट्टीही ओस पडेल.

तेव्हा बंधूभगिनींनो, कोणी विमानतळाचे आकडे घेऊन गावात आले तर ग्रामसभेत तीन प्रश्न विचारा. हे प्रवासी कुठल्या गावाशहरातून निघतात? यातले किती जण नवी मुंबईला जातील? आणि माल किती टन, कोणत्या जिल्ह्याचा?

आपला माल निर्यातीला जात असेल, तर आणखी एक काम करा. फेब्रुवारी 2020 पासून निर्यातीच्या सीमाशुल्क कागदावर माल मूळ कोणत्या जिल्ह्याचा, हे लिहावे लागते. व्यापाऱ्याला तो कागद दाखवायला सांगा आणि तिथे आपल्याच जिल्ह्याचे नाव आहे ना, हे पाहून घ्या. तिथे दुसऱ्याच जिल्ह्याचे नाव पडले, तर आपला माल सरकारी हिशेबात आपल्या नावावर येणारच नाही.