बिल्ल्यावरचं नाव, लाकडातली साक्ष

मुलुंड-घाटकोपरच्या जुन्या इमारती पुनर्विकासाला निघाल्या की माळ्यावरून काय काय खाली येतं. त्यात एखाद्या घरी काळ्या पत्र्याच्या लांबट नळीत बिलियर्ड्सची क्यूही निघते. मुंबईत याचं नवल वाटायला नको. जिमखान्यांतून हा खेळ इथे रुजला. विल्सन जोन्स यांनी १९५८ साली कलकत्त्यात जागतिक हौशी बिलियर्ड्स स्पर्धा जिंकली आणि पुढे मायकेल फरेरा यांनी ती तीनदा जिंकली. क्यूच्या जाड टोकाकडे, म्हणजे बटवर, एका बाजूने तासलेल्या सपाट जागेत छोटा पांढरा बिल्ला असतो. त्यावर ‘बरोज अँड वॉट्स, लंडन’ असं वाचलं, कंपनी १८३६ ची आहे असं कुठेतरी सापडलं, की क्यूसुद्धा १८३६ ची होऊन बसते. पण कंपनीची जन्मतारीख ही वस्तूची जन्मतारीख नसते. ही कंपनी रायली या दुसऱ्या कंपनीने ताब्यात घेतली ती १९६७ साली; मधल्या सव्वाशेहून अधिक वर्षांत ती क्यू विकतच होती. जुन्या क्यूबद्दल बिल्ला जेवढं सांगतो असं वाटतं, त्याहून तो बराच कमी सांगतो. खरी माहिती लाकडात आणि जोडकामात असते.

बिल्ल्यावरचं नाव बहुधा विकणाऱ्याचं असतं, आणि बनवणारा वेगळाच असू शकतो. लिव्हरपूलला १८८५ मध्ये सुरू झालेला पेराडन हा कारखाना इतर कंपन्यांच्या बिल्ल्यांखाली विकल्या जाणाऱ्या क्यूही बनवत असे. तिसरं नाव असतं खेळाडूचं. जॉन रॉबर्ट्स धाकटे हे इंग्लंडचे नामांकित खेळाडू. जयपूरच्या महाराजांनी त्यांना आपल्या दरबारी खेळाडू म्हणून नेमलं होतं. त्यांच्या नावाची ‘चॅम्पियन क्यू’ भारतात सापडली, तर ती त्यांच्या हातातली होती असं सिद्ध होत नाही. आपल्याकडे बॅटवर क्रिकेटपटूची सही छापतात, त्यातलाच हा प्रकार. म्हणजे एकाच काठीवर विक्रेता, कारागीर आणि खेळाडू अशी तीन माणसं असू शकतात, आणि कारागिराचं नाव बहुतेक वेळा कुठेच नसतं.

मग बिल्ला निरुपयोगी का? तसंही नाही. ऑस्ट्रेलियाच्या वॉल्टर लिंड्रमने जानेवारी १९३२ मध्ये लंडनला ४१३७ गुणांचा ब्रेक केला, म्हणजे एकाच खेपेत सलग तेवढे गुण मिळवले. हा आकडा ज्या बिल्ल्यावर आहे तो १९३२ पूर्वीचा असूच शकत नाही. स्नूकरपटू जो डेव्हिस यांच्या नावाशेजारी १४७ गुणांचा ब्रेक असेल, तर तो अधिकृत विक्रम जानेवारी १९५५ मधला असल्याने बिल्लाही त्यानंतरचाच. ब्रिटिश ‘रजिस्टर्ड डिझाइन’चा क्रमांक असेल तर आणखी सोपं: ते क्रमांक १८८४ पासून ओळीने दिले गेले, त्यामुळे नोंदणीचं वर्ष काढता येतं. मात्र या सगळ्या खुणा काळाची सर्वांत मागची हद्दच सांगतात. ‘याच्या आधीची नाही’ एवढंच त्यातून ठरतं. ‘याच वर्षाची’ हे नाही. जुना माल दुकानात वर्षानुवर्षं पडून राहतो, आणि लोकप्रिय नाव खेळाडू निवृत्त झाल्यावरही खपतं.

आक्षेप असा येईल की बिल्ला ही क्यूवरची एकमेव लिखित नोंद. ती सोडून लाकडाकडे बघणं म्हणजे अंदाजपंचे. पण हा बिल्ला फक्त डिंकाने चिकटवलेला असतो. तो निघतो, आणि दुसऱ्या क्यूवर बसवताही येतो. लाकडात शिरलेला जोड तसा हलवता येत नाही. क्यूचा लांब भाग बहुधा ॲश किंवा मेपलचा. ॲशच्या रेषा वरून पाहिल्या तर बाणाच्या टोकांसारख्या दिसतात, मेपलचं अंग त्यामानाने सपाट असतं. बटमध्ये आबनूस किंवा शिसवीसारखं जड, गडद लाकूड असतं. दोन्ही लाकडं जिथे भेटतात तिथलं नक्षीकाम नीट बघावं. हाताने बसवलेल्या जोडाची टोकं कमानीसारखी गोलावलेली असतात, कारण कारागीर एकेक पट्टी वेगळी चिकटवून नंतर रंधा मारतो. यंत्राने कापलेल्या जोडात सरळ, टोकदार दाते एकमेकांत बसतात. यंत्राचं काम म्हणजे आपोआप नवं, असं मात्र नाही. दोन्ही पद्धती एकाच काळात चालल्या, आणि क्लबच्या सार्वजनिक क्यू बहुधा स्वस्त जोडाच्या असत.

दुरुस्तीच्या खुणाही वजा कराव्या लागतात. टिप सतत बदलली जाते, त्यामुळे तिच्यावरून काहीच ठरत नाही. टिपेखालची पितळी टोपी जुन्या क्यूंना कित्येकदा नसेच. ती पुढे बसवलेली असू शकते. मधला पितळी जोडही मूळचाच असेल असं नाही. एकसंध क्यू कापून तिचे दोन तुकडे करणं ही सर्रास गोष्ट आहे. सकाळच्या गर्दीत अंधेरीहून चर्चगेटला पावणेपाच फुटांची काठी घेऊन जाऊ पाहणाऱ्याला ती का कापतात, हे विचारावं लागणार नाही. बटवर ठोकलेला वजनाचा आकडा, म्हणजे औंसांतला साडेसोळा किंवा सतरा, प्रत्यक्ष वजनाशी ताडून पाहावा. मोठी तफावत निघाली तर बरंच लाकूड तासलेलं आहे किंवा शेपटी जोडलेली आहे. ‘ही विल्सन जोन्सची क्यू’ अशा दाव्यांनाही हाच न्याय लावावा. ॲशच्या रेषा आणि जोडाची टोकं प्रत्येक क्यूत वेगळी असतात, तेव्हा जुन्या स्पष्ट छायाचित्राशी त्यांची तुलना करता येते. छायाचित्र नसेल तर दावा कुटुंबाच्या आठवणीपुरताच धरावा.

राहिला बिल्ल्याच्या पांढऱ्या रंगाचा प्रश्न. तो हस्तिदंत, हाड किंवा सेल्युलॉइड, काहीही असू शकतो. भिंगातून पाहिलं तर हाडात बारीक काळसर छिद्रं दिसतात, हस्तिदंताच्या आडव्या छेदात एकमेकांना छेदणाऱ्या रेषा. पण एवढ्याशा तुकड्यात त्या दिसतीलच असं नाही. तापलेली सुई टोचून बघण्याचा सल्ला सरळ धुडकावावा, कारण सेल्युलॉइड पेट घेतं. तो हस्तिदंत ठरला तर विक्रीचा विचार सोडावा लागतो: १९७२ चा वन्यजीव संरक्षण कायदा आणि त्याच्या पुढच्या दुरुस्त्यांनी तो व्यापार बंद केला आहे. क्यू खरोखर शंभर वर्षांपलीकडची निघाली, तर ती परदेशी विकायला पाठवतानाही त्याच वर्षीचा पुरावशेषांचा कायदा आडवा येऊ शकतो.

‘विकायचीच नाही, मग एवढी चौकशी कशाला?’ असं कुणी म्हणेल. कारण सर्वांत मोठं नुकसान विकताना नाही, चकचकीत करताना होतं. कोपऱ्यावरच्या सुताराने हौसेने पॉलिश पेपर मारला की जुनं लाखेचं पॉलिश, वजनाचा ठसा आणि जोडाची मूळ कडा एका दुपारीत जातात. तेव्हा आधी उजेडात चारी बाजूंनी फोटो काढावेत, लांबी-वजन लिहून ठेवावं, आणि पत्र्याची नळी फेकू नये. तिच्यावर मालकाचं नाव रंगवलेलं असू शकतं, आणि ते नाव एखाद्या जिमखान्याच्या जुन्या नोंदवहीत सापडलं, तर ती क्यू कोणाच्या हातात होती हे बिल्ल्यापेक्षा ती नळीच अधिक खात्रीने सांगेल.