एकाच चिखलात अनेकांचा वाटा

ओहोटी लागली की मुंबईतील शिवडीच्या किनाऱ्यावर आणि ठाणे खाडीत चिखलाचे विस्तीर्ण पट्टे उघडे पडतात. हिवाळ्यात या पट्ट्यांवर हजारो स्थलांतरित पक्षी एकाच वेळी उतरतात. इतक्या जातींचे पक्षी एकाच जागी अन्न शोधत असूनही त्यांच्यात फारसा संघर्ष होत नाही. याचे कारण त्यांच्या चोचींच्या आणि पायांच्या रचनेत दडलेले आहे.

चिखलातील कृमी, शिंपले, खेकडे व कोळंबीवर्गीय सूक्ष्म जीव निरनिराळ्या खोलीवर राहतात. कर्ल्यू या पक्ष्याची खाली वळलेली चोच १५ सेंटिमीटरपर्यंत लांब असते. त्यामुळे बिळात खोलवर दडलेले कृमीही त्याच्या हाती लागतात. गॉडविट आपली लांब, सरळ चोच चिखलात खुपसतो. जेमतेम दोन सेंटिमीटर चोचीचा छोटा टिलवा मात्र पृष्ठभागालगतचे बारीक जीव टिपतो.

अन्न शोधण्याच्या पद्धतीही भिन्न आहेत. टिलव्यासारख्या पक्ष्यांच्या चोचीचे टोक संवेदनशील असते. त्यांना भक्ष्य स्पर्शाने कळते. मोठ्या डोळ्यांचे चिखले नजरेवर विसंबतात. ते थोडे धावतात, थबकतात आणि हालचाल दिसताच चोच मारतात. वर वळलेल्या चोचीचा उचाट्या उथळ पाण्यात चोच डावी-उजवीकडे फिरवतो, तर रोहित, म्हणजेच फ्लेमिंगो, चोच उलटी बुडवून शेवाळ व सूक्ष्म जीव गाळून घेतो. लांब पायांचे पक्षी पाण्यात उभे राहतात, आखूड पायांचे पाण्याच्या कडेने चालतात. परिसरशास्त्रात या व्यवस्थेला संसाधनांचे वाटप असे म्हणतात.

हे वाटप काटेकोर नसते. अन्न मुबलक असेल तेव्हा अनेक जाती एकच भक्ष्य खातात. टंचाई निर्माण झाली की मात्र त्यांच्यातील फरक निर्णायक ठरतो.

वाटपाची दुसरी बाजू वेळेची आहे. येथे भरती दर साडेबारा तासांच्या सुमारास येते. त्या काळात चिखल पाण्याखाली जातो व पक्ष्यांना विश्रांतीसाठी जवळची मोकळी, उथळ पाणथळ जागा लागते. ती दूर असेल, तर उड्डाणात शक्ती खर्च होते. छोटा टिलवा उत्तर ध्रुवाजवळच्या टुंड्रा प्रदेशात, तर येथे येणाऱ्या चिखल्यांपैकी काही तिबेटच्या पठारावर वीण करतात. तेथवरच्या परतीच्या प्रवासासाठी साठवावी लागणारी चरबी त्यांना याच चिखलातून मिळवावी लागते.

ठाणे खाडीचा सुमारे १,६९० हेक्टर भाग २०१५ मध्ये फ्लेमिंगो अभयारण्य म्हणून घोषित झाला. २०२२ मध्ये खाडीला रामसर स्थळाचा दर्जा मिळाला. मात्र भरतीच्या वेळी पक्षी ज्यांचा आश्रय घेतात, त्या नवी मुंबई व उरण परिसरातील अनेक पाणथळ जागा अभयारण्याच्या सीमेबाहेर आहेत. त्यांपैकी काहींवर भराव पडला आहे.

चिखलाचे पट्टे वा विश्रांतीच्या जागा आक्रसल्या, तर उरलेल्या जागेत गर्दी वाढते आणि शतकानुशतके चालत आलेले हे वाटप कोलमडू शकते. म्हणूनच ओहोटीचा चिखल व भरतीच्या वेळचा आसरा यांचे संरक्षण एकत्रितपणे होणे आवश्यक ठरते.