घरातला खांब

(नभोवाणीवरील भाषणाचा संपादित भाग)

आजच्या विषयाचं नाव ऐकून काही घरांत रेडिओचा आवाज बारीक होईल आणि काही घरांत मोठा. विषय आहे पोल डान्स, आणि तोही घरच्या घरी, छंद म्हणून केलेला. कुणी हौसेनं पेटी शिकतं, कुणी गच्चीवर गुलाब लावतं. तसंच जमिनीपासून छतापर्यंत धातूचा एक खांब बसवून त्यावर चढण्या-फिरण्याचा सराव करणारी माणसं आता जगभर आहेत. त्यांत बायका जास्त, पण पुरुषही आहेत. इंग्लंड, ऑस्ट्रेलिया, कॅनडा, अमेरिका या देशांत हा छंद रुजून वीस-पंचवीस वर्षं झाली. आपल्याकडेही मोठ्या शहरांत याचे वर्ग निघाले. २०२० साली टाळेबंदीत वर्ग बंद पडले, तेव्हा अनेकांनी खांबच घरी आणला आणि शिक्षक संगणकाच्या पडद्यावर आले. तेव्हापासून ‘घरी करता येईल का?’ हा प्रश्न वाढला आहे. त्याचं उत्तर ‘येईल, पण’ असं आहे आणि हा ‘पण’ बराच लांबलचक आहे.

आधी नावाभोवतीचा संकोच बाजूला करू. हा नाच अमेरिका-कॅनडातल्या रात्रीच्या क्लबांतून वाढला, तिथं तो पुरुष गिऱ्हाइकांसाठी होता, हे खरं आहे. कॅनडाच्या फॉनिया मोंडे यांनी १९९४ च्या सुमारास क्लबबाहेरच्या सर्वसामान्य स्त्रियांना तो व्यायाम म्हणून शिकवायला सुरुवात केली, असं मानलं जातं. २००९ साली या खेळाचा आंतरराष्ट्रीय महासंघ स्थापन झाला. २०१७ साली जागतिक क्रीडा महासंघांच्या तेव्हाच्या शिखर संघटनेनं त्याला निरीक्षक सदस्याचा दर्जा दिला. आता तर स्पर्धा, गुणपत्रक, सक्तीच्या कसरती असं सगळं आहे. पण ‘आमचा तो खेळ आणि त्यांचा तो धंदा’ असं म्हणून नाक मुरडणारे काही लोक या छंदातच आहेत. ते मला पटत नाही. ज्या बायकांनी हे कौशल्य घडवलं, त्यांचं ऋण नाकारून वर त्यांनाच नावं ठेवायची, हा प्रकार आपल्याला अनोळखी नाही. फडावरच्या बाईची लावणी आणि स्नेहसंमेलनातली लावणी यांच्याकडे आपण कसं वेगळ्या नजरेनं पाहत आलो, ते आठवून बघा.

आता आपल्या मातीतला खांब. पोल डान्स म्हटलं की मराठी माणूस लगेच म्हणतो, ‘हा तर आपला मल्लखांब!’ दोन्हींत नातं दिसतं, पण एकातून दुसरा निघाला असा पुरावा नाही. मल्लखांबाला दुसऱ्या बाजीरावाच्या काळात बाळंभटदादा देवधरांनी नवं रूप दिलं. २०१९ च्या फेब्रुवारीत मुंबईच्या शिवाजी पार्कवर त्याची पहिली जागतिक स्पर्धा झाली आणि मल्लखांबाचे गुरू उदय देशपांडे यांना २०२४ साली पद्मश्री मिळाली. तो खांब लाकडी, सागाचा किंवा शिसवीचा, जमिनीच्या वर आठ-साडेआठ फूट, बुंध्याशी मांडीएवढा जाड आणि वर निमुळता होत गेलेला. घरातला पोल मात्र पोलादी किंवा पितळी आणि वरपासून खालपर्यंत एकाच जाडीचा. स्पर्धेतली जाडी ४५ मिलिमीटर, म्हणजे पावणेदोन इंचांच्या आसपास.

माझ्या ओळखीच्या एका बाईंनी असा खांब घरी बसवला. त्यांच्या सासूबाई मिरजेच्या, भाऊ तालमीत जाणारे. त्यांनी खांबाभोवती एक फेरी मारली आणि विचारलं, “तेल कुठंय गं याचं?” प्रश्न अगदी बरोबर होता. मल्लखांबाला एरंडेल लावतात, कारण लाकूड अंगाला जास्त धरतं आणि वेगानं अढी बदलताना कातडी सोलवटते. धातूच्या गुळगुळीत नळाचं दुखणं उलटं आहे, तो धरतच नाही. म्हणून इथं तेल हा शत्रू. सरावाच्या दिवशी अंगाला खोबरेल नको, मॉइश्चरायझर नको. सरावाआधी खांब स्पिरिटनं पुसायचा, तळहात घामट असतील तर खडूची पूड किंवा पातळ खडू लावायचा. मुंबई-कोकणातल्या दमट हवेत तर हे दर पाच मिनिटांनी करावं लागतं. थंडीत किंवा एसीच्या गार खोलीत धातू थंडगार पडतो, तेव्हाही पकड सुटते. मग अंग आणि खांब दोन्ही थोडे ऊबदार होईपर्यंत साध्या हालचालींवर भागवायचं.

कपड्यांचा प्रश्नही यातच सुटतो. तोकडी चड्डी कशाला, असं विचारणाऱ्यांना मल्लखांबपटूचा लंगोट कधी खटकलेला नसतो. कारण एकच आहे. मांडीची आतली बाजू, गुडघ्यामागची खळगी, काख, कोपराची घडी इथल्या उघड्या कातडीनंच खांब धरला जातो. लेगिंग घातली की माणूस सरळ खाली घसरतो. सिलिकॉनचं आवरण असलेले खांबही मिळतात, त्यावर अंगभर कपडे चालतात, पण त्यावर गिरक्या तितक्या सहज घेता येत नाहीत. हातातल्या बांगड्या आणि अंगठ्या मात्र काढायच्याच. त्या खांबावर ओरखडे पाडतात आणि नंतर ते ओरखडे आपल्या कातडीवर उमटतात. निकेलची ॲलर्जी असलेल्यांनी क्रोम किंवा स्टेनलेस स्टील घेण्याआधी विचार करावा. पावडर-कोटिंगचा खांब त्यांना बरा.

खांब बसवतात कसा, हा सगळ्यात महत्त्वाचा भाग. घरगुती खांब बहुधा खिळे-स्क्रू न मारता बसतात. बुडाशी एक स्क्रूजॅक असतो. तो फिरवला की खांब लांब होतो आणि जमीन व छत यांच्यामध्ये घट्ट दाबला जातो. वर रबर लावलेली मोठी तबकडी असते. ती दाब पसरवते आणि केवळ घर्षणावर जागची हलत नाही. आता हिशेब करू. साठ किलो वजनाची बाई दोन्ही हातांनी खांब धरून आडवी झाली, तिचा गुरुत्वमध्य खांबापासून अर्धा मीटर बाहेर गेला आणि दोन हातांत ऐंशी सेंटिमीटर अंतर असलं, तर वरचा हात साडेसदतीस किलोच्या जोरानं ओढतो आणि खालचा तेवढ्याच जोरानं ढकलतो. पावणेतीन मीटर उंच खांबाच्या वरच्या टोकाला त्यामुळे अकरा किलोच्या आसपास आडवा रेटा बसतो. हे सगळं ती स्थिर असताना. झोका घेतला की रेटा वाढतो आणि दिशा बदलत राहतो. जॅक सैल असेल तर तबकडी सरकते आणि खांब माणसासकट आडवा होतो.

म्हणून वर काय आहे, हे आधी बघायचं. पक्कं आरसीसीचं स्लॅब असेल तर उत्तम. पीओपीचं फॉल्स सीलिंग असेल तर तिथं खांब लावायचाच नाही. वरून ते कितीही मजबूत दिसो, आत पोकळी असते. कौलारू घर, पत्र्याचं छप्पर, ओल येऊन गिलाव्याचे पोपडे निघालेलं जुनं स्लॅब, सळ्या गंजून फुगलेलं छत, या सगळ्यांना नकार. जुन्या चाळीत लाकडी तुळयांवर माळा असतो. तिथं तुळई नेमकी कुठं आहे हे जाणकाराकडून तपासल्याशिवाय हात लावू नये. खाली फरशी असेल तर नाण्यानं वाजवून पाहावी. ठणठणीत पोकळ आवाज आला तर त्या जागी दाब दिल्यावर ती तडकणार. खांब सरळ उभा आहे की नाही, हे गवंड्याच्या ओळंब्यानं किंवा पाणसळीनं दोन दिशांनी बघायचं. डोळ्यांच्या अंदाजाला इथं किंमत नाही.

मग जागा. पाय पसरून फिरायचं तर खांबाच्या चहूबाजूंनी दीड मीटर मोकळं हवं, म्हणजे दहा फूट व्यासाचं वर्तुळ. दहा बाय बाराच्या खोलीत पलंग बाहेर जातो आणि कपाटाच्या कोपऱ्याचा विचार करावा लागतो. शिवाय आपल्या घरांत एक अडचण असते, ती परदेशी पुस्तिकेत सापडत नाही. खोलीच्या बरोबर मध्यभागी छताचा पंखा असतो. खांब त्याच्यापासून लांब लावला तरी सरावाच्या वेळी पंखा बंद. बटणावर कागद चिकटवावा, कारण घरातलं कुणीतरी सवयीनं तो लावतंच.

बाजारात स्वस्त, पार्टीच्या सजावटीसाठी म्हणून विकले जाणारे खांबही असतात. ते माणसाचं वजन पेलण्यासाठी केलेलेच नसतात. किती वजन सहन करतो हे बनवणाऱ्यानं लिहून दिलेलं नसेल, तर तो खांब पडदे लावायला वापरावा. चांगल्या खांबात फिरता आणि स्थिर असे दोन प्रकार करता येतात. फिरता खांब बेअरिंगवर फिरतो, हातपाय जवळ घेतले की गती वाढते, पसरले की कमी होते. तो दिसतो सोपा, पण नवख्याला चक्कर आणतो आणि गतीवर ताबा राहत नाही. सुरुवात स्थिर खांबावर करावी.

शरीराची तयारी खांब यायच्या आधी सुरू करता येते. माझा साधा निकष असा: दारातल्या बारला किंवा बागेतल्या दांडीला वीस-तीस सेकंद लटकता येतं का? नुसतं लोंबकळणं नव्हे. कान आणि खांदे यांत अंतर ठेवून, खांद्याची पाती खाली ओढून लटकणं. खांदा हा शरीरातला सगळ्यात मोकळा सांधा आहे आणि त्या मोकळेपणाची किंमत म्हणजे तो स्नायूंच्या आधारावरच टिकतो. स्नायू ढिले सोडून एका हातावर गिरकी घेतली की सगळा हिसका कंडऱ्या आणि अस्थिबंधांवर जातो. या छंदात मनगट, कोपर आणि खांदे दुखावतात ते बहुतेक याच पायी. दुसरी चूक म्हणजे आवडत्या बाजूनंच सराव करणं. उजवीकडून दहा वेळा केलं तर डावीकडून दहा वेळा, मग ते कितीही वेडंवाकडं दिसो. आठवड्यात दोन-तीन दिवस, अर्धा-पाऊण तास पुरे. तळहात सोलतात, मांड्यांवर निळे-काळे डाग पडतात. पहिल्या काही आठवड्यांत ते पडायचेच, नंतर कमी होतात. सांध्यात कळ आली तर मात्र थांबायचं.

पहिले दोन-तीन महिने खांबाभोवती चालणं, साध्या गिरक्या, चढणं, मांड्यांनी धरून बसणं, एवढंच. आणि सावकाश उतरणं. चढण्यापेक्षा उतरणं शिकायला जास्त वेळ लागतो, हे मल्लखांबातले वस्तादही सांगतील.

आता तो लांबलचक ‘पण’. घरी सराव करणारे लोक घरी का करतात? काहींना वर्गाची फी परवडत नाही, काहींच्या गावात वर्गच नाही. पण बऱ्याच जणींचं कारण असतं, कुणी बघू नये. दार बंद, पडदे ओढलेले, घरात कुणी नसतानाची वेळ. आणि नेमकी हीच वेळ धोक्याची. वर्गात उलटं होताना शिक्षक कमरेशी हात धरून उभा असतो. घरी तो नसतो. डोकं खाली, पाय वर अशा अवस्थेत पकड सुटली तर माणूस मानेवर पडतो. खाली चार इंच जाडीची गादी अंथरलेली असावी, पण ती गुडघा वाचवते, मानेची हमी देत नाही. म्हणून उलट्या कसरती एखाद्या जाणत्या माणसासमोर शिकून पक्क्या झाल्याशिवाय घरी करायच्या नाहीत, आणि घरात एकटं असताना तर मुळीच नाही. पाय झटक्यानं वर फेकून उलटं होता येतं, त्याला ‘जमलं’ म्हणू नये. दोन्ही पाय पोटाच्या जोरावर सावकाश वर नेता आणि तसेच सावकाश खाली आणता आले, तर जमलं. ज्यांना रक्तदाब किंवा काचबिंदू आहे, ज्यांची हाडं ठिसूळ झाली आहेत, ज्या गरोदर आहेत, त्यांनी डॉक्टरांना विचारल्याशिवाय हे करू नये. डॉक्टरांना विचारताना खेळाचं खरं नाव सांगावं. ‘थोडा योगा करते’ असं म्हटलं तर सल्लाही योगाचाच मिळेल.

त्याच कारणानं निदान घरातल्या एका माणसाला तरी हा छंद माहीत असावा असं मला वाटतं. त्यानं टाळ्या वाजवायला नको, तिथं बसायलाही नको. पलीकडच्या खोलीत असावा, हाक ऐकू जावी. मी ज्या बाईंबद्दल बोलले, त्यांच्याकडे हे काम सासूबाई करतात. खांबाकडे पाठ करून भाजी निवडत बसतात आणि मधूनच ‘पायाचे अंगठे ताठ’ म्हणून सुनावतात, ते कसं काय कळतं कोण जाणे.

पाहुणे येणार म्हणून खांब काढायचा असेल तर जॅक सैल करून दहा मिनिटांत निघतो. छतावर रबराचा काळपट गोल डाग राहतो, तो ओल्या फडक्यानं बराचसा जातो. पुन्हा उभा करताना जागा तीच असली तरी ओळंबा पुन्हा धरायचा, जोड पुन्हा आवळायचे आणि आधी जमिनीवर पाय ठेवूनच खांबाला चारी दिशांनी जोरात हिसके देऊन पाहायचे. रोज सराव करणाऱ्यांनी हे आठवड्यातून एकदा करावं. जॅक हळूहळू सैल होत असतो आणि ते नुसतं बघून कळत नाही.