पायांआधी मूत्राशय : मणक्याच्या दुखापतीनंतरचा एक न बोललेला प्रश्न

मणक्याला मार लागून कमरेखालचे अंग लुळे पडलेल्या माणसाला भेटायला येणारा प्रत्येक जण एकच प्रश्न विचारतो, ‘पुन्हा चालता येईल का?’ घरातल्या माणसांना मात्र महिन्याभरातच दुसरा प्रश्न छळू लागतो आणि तो चारचौघांत विचारता येत नाही. लघवीचे काय? सिन्नर तालुक्यात विहिरीच्या कामावर, शेडच्या पत्र्यावरून, झाडावरून पडून किंवा नाशिक-पुणे रस्त्यावरच्या अपघातात मणका मोडलेली माणसे पाहायला फार लांब जावे लागत नाही. अशा घरी गेले की खाटेला अडकवलेली लघवीची पिशवी दिसते आणि उशाशी गोळ्यांच्या रिकाम्या पट्ट्या. थंडी वाजून ताप येतो, गोळ्या होतात, ताप उतरतो आणि तीन-चार आठवड्यांनी पुन्हा तेच.

माझे थोरले चुलतभाऊ या फेऱ्यात दोन वर्षे होते. विहिरीवरच्या यारीचा दोर तुटला, ते खाली गेले आणि पाठीचा दहावा मणका मोडला. दुसऱ्या वर्षाच्या अखेरीस त्यांच्या लघवीच्या कल्चरचा जो रिपोर्ट हाती आला, त्यात पोटातून घ्यायच्या जवळजवळ प्रत्येक औषधापुढे जंतू त्याला दाद देत नसल्याची खूण होती. मी डॉक्टर नाही, शिक्षणही बेताचेच. पण तो कागद हातात घेऊन मी वाचायला बसलो, तो आजतागायत वाचतोच आहे. त्या वाचनातून जे कळले त्याचे सार एका वाक्यात सांगता येते. या माणसांचा खरा शत्रू जंतूंपेक्षा साचलेली लघवी आणि मूत्राशयात वाढलेला दाब हा आहे. हे सूत्र हाती नसेल, तर औषधे कितीही बदलली तरी ताप परत येतो.

मूत्राशयाचा बिघाड

मूत्राशय ही स्नायूंची पिशवी आहे. तिच्या तोंडाशी एक आवळणारा स्नायू असतो. पिशवी भरत असताना ती सैल राहते आणि तोंड बंद राहते. लघवी करताना पिशवी आवळते आणि त्याच क्षणी तोंड सुटते. हा ताळमेळ मेंदूतून मज्जारज्जूमार्गे येणाऱ्या संदेशांवर चालतो. मज्जारज्जूच्या शेवटच्या टोकाशी, त्रिकास्थीच्या दुसऱ्या ते चौथ्या मज्जातंतूंच्या मुळाशी, लघवीचे प्रतिक्षिप्त केंद्र असते. दुखापत त्याच्या वर झाली, तर केंद्र शाबूत राहते पण मेंदूचा लगाम सुटतो. सुरुवातीचे काही आठवडे मूत्राशय थंड पडलेले असते. पुढे ते मनाला येईल तेव्हा आवळू लागते. गंभीर गोष्ट अशी, की ते आवळत असताना तोंडाचा स्नायूही त्याच वेळी आवळतो. दार बंद आणि आतून धक्का, अशी ती अवस्था. दुखापत खुद्द केंद्राला किंवा त्याखालच्या नसांना झाली, तर मूत्राशय ढिले पडते. भरत जाते, फुगते आणि थेंब थेंब ओघळते.

दोन्ही प्रकारांत थोडी लघवी आत उरते. प्रयोगशाळेतल्या अनुकूल परिस्थितीत ई. कोलाय हा जंतू सुमारे 20 मिनिटांत दुप्पट होतो. म्हणजे हिशेबाने एका जंतूचे सहा तासांत अडीच लाखांवर जंतू होतात. लघवीत ही वाढ काहीशी सावकाश होते, पण साचून राहिलेल्या लघवीत ती थांबत नाही. निरोगी माणसात दर काही तासांनी सगळी लघवी बाहेर पडते आणि तिच्याबरोबर जंतूही धुऊन जातात. शिवाय फार ताणलेल्या मूत्राशयाच्या भिंतीला रक्तपुरवठा कमी पडतो आणि तिची प्रतिकाराची ताकद घटते. दाब फार वाढला तर लघवी उलटी वर मूत्रपिंडांकडे जाते. जंतूही तिच्याबरोबर जातात, मग हुडहुडी भरून ताप येतो आणि वर्षानुवर्षे असे चालले तर मूत्रपिंडे निकामी होतात.

म्हणूनच ओटीपोट दाबून लघवी काढण्याची जी रीत अनेक घरांत आपसूक सुरू होते, ती तपासणीशिवाय करू नये. दार बंद असताना बाहेरून दाबले, तर लघवीला वर जाण्याचीच वाट उरते.

स्टोक मँडेव्हिल ते खडकी

पहिल्या महायुद्धात मणक्याला गोळी लागलेले बहुसंख्य सैनिक शय्याव्रण आणि लघवीच्या संसर्गाने गेले. अशा माणसावर उपचार करण्यात अर्थ नाही, असे डॉक्टरही मानत. हा समज मोडण्याचे मोठे श्रेय लुडविग गुट्मान यांना जाते. नाझी जर्मनीतून इंग्लंडला आलेल्या या ज्यू डॉक्टरांनी 1 फेब्रुवारी 1944 रोजी स्टोक मँडेव्हिल येथे मणक्याच्या रुग्णांचा स्वतंत्र विभाग सुरू केला. त्यांनी दोन साध्या गोष्टींवर हट्ट धरला: रुग्णाला ठरावीक वेळाने कुशीवर वळवायचे, आणि मूत्राशय निर्जंतुक पद्धतीने ठरावीक वेळाने रिकामे करायचे. माणसे जगू लागली. जगू लागली म्हणून खेळू लागली. 29 जुलै 1948 रोजी, लंडन ऑलिंपिकच्या उद्‌घाटनाच्याच दिवशी, त्यांनी रुग्णालयाच्या आवारात तिरंदाजीची स्पर्धा घेतली. पॅरालिंपिकचा उगम तिथला.

त्या प्रवाहात महाराष्ट्राचे नाव लवकर आले. सांगली जिल्ह्यातील मुरलीकांत पेटकर 1965च्या युद्धात गोळ्या लागून जायबंदी झाले आणि 1972 साली हायडलबर्ग येथे 50 मीटर पोहण्याच्या शर्यतीत भारताचे पहिले पॅरालिंपिक सुवर्णपदक त्यांनी जिंकले. जखमी जवानांसाठी पुण्याजवळ खडकीला पॅराप्लेजिक पुनर्वसन केंद्र 1974 साली उभे राहिले. पुढे 1984 मध्ये कोल्हापुरात नसीमा हुरजूक यांनी ‘हेल्पर्स ऑफ द हँडिकॅप्ड’ ही संस्था सुरू केली. त्यांचे ‘चाकाची खुर्ची’ हे आत्मकथन मराठी वाचकांना परिचित आहे. या सगळ्यांच्या जिद्दीबद्दल आपण पुष्कळ बोलतो. चाकाच्या खुर्चीवर दिवस काढायचा तर दर काही तासांनी मूत्राशय रिकामे व्हावे लागते, हे मात्र त्या बोलण्यात क्वचित येते.

1972 हेच वर्ष आणखी एका कारणाने महत्त्वाचे आहे. अमेरिकेतील मिशिगन विद्यापीठाचे मूत्ररोगतज्ज्ञ जॅक लॅपिडीस यांनी त्या वर्षी एक निबंध प्रसिद्ध केला. त्यांचे म्हणणे असे, की नळी निर्जंतुक असण्यापेक्षा ती वेळेवर घातली जाणे जास्त महत्त्वाचे आहे. साबणाने हात धुवा, स्वच्छ नळी घाला, मूत्राशय पूर्ण रिकामे करा, नळी काढा. हे रुग्णाने स्वतः, घरी, दिवसातून अनेकदा करावे. तेव्हाच्या डॉक्टरांना हे धाडसाचे वाटले. आज हीच पद्धत जगभर पहिली निवड मानली जाते. ज्या कामासाठी डॉक्टर आणि निर्जंतुक खोली लागे, ते शेतकऱ्याच्या घरातल्या मोरीत आले, ही त्या निबंधाची किमया.

कायमची आत ठेवलेली फोलीची नळी सोयीची असते आणि काहींना तिच्यावाचून पर्याय नसतो, विशेषतः ज्यांचे हात चालत नाहीत त्यांना. पण तिच्यावर जंतूंचा चिकट थर बसतो आणि महिन्याभरात जवळजवळ प्रत्येकाच्या लघवीत जंतू सापडतात. प्रोटियस जातीचे जंतू लघवी अल्कलीधर्मी करतात. त्यातून खडे बनतात आणि नळी तुंबते.

रिपोर्टवर उपचार की माणसावर?

आपली सगळ्यात मोठी चूक इथे होते. नळी वापरणाऱ्या माणसाची लघवी तपासली, की रिपोर्टमध्ये पू-पेशी आणि जंतू बहुधा असतातच. माणूस ठणठणीत असला तरी कागद लाल असतो. तो कागद औषधाच्या दुकानात जातो आणि पाच दिवसांच्या गोळ्या येतात. अमेरिकेतील संसर्गरोगतज्ज्ञांच्या संघटनेने 2019 साली दिलेल्या मार्गदर्शनात स्पष्ट म्हटले आहे, की मणक्याच्या दुखापतीच्या रुग्णाला त्रास नसेल, तर लघवीतले जंतू शोधू नयेत आणि त्यावर प्रतिजैविके देऊ नयेत. गरोदर स्त्री किंवा मूत्रमार्गावरची काही शस्त्रक्रिया हे अपवाद. नुसता वास आला किंवा लघवी गढूळ दिसली, तर तेवढ्यावरून संसर्ग ठरत नाही.

मग ओळखायचे कसे? या माणसांना जळजळ कळत नाही. त्यांची लक्षणे वेगळी: ताप, हुडहुडी, पायांचे झटके अचानक वाढणे, दोन वेळांच्या मध्ये लघवी गळू लागणे, अकारण गळून जाणे. छातीच्या सहाव्या मणक्याच्या पातळीवर किंवा त्याहून वर दुखापत असलेल्यांना एक स्वतंत्र धोका असतो. मूत्राशय तुंबले की रक्तदाब एकाएकी भयंकर वाढतो, डोके फुटेल असे दुखते, चेहरा लाल होतो, घाम फुटतो. अशा वेळी माणसाला ताबडतोब बसते करावे, कपडे सैल करावेत, नळी कुठे पिळली किंवा तुंबली आहे का ते पाहावे, आणि तरीही उतार पडला नाही तर वेळ न घालवता रुग्णालय गाठावे.

लक्षणे असतील तेव्हा कल्चर हवेच, आणि तेही गोळी घेण्याआधी. नमुना पिशवीतून घेऊ नये. नवी नळी घालून घ्यावा. सिन्नरहून नाशिक सुमारे 30 किलोमीटर. दुपारच्या उन्हात एस.टी.तून गेलेल्या बाटलीत जंतू वाटेतच वाढतात आणि रिपोर्ट फसवा येतो. बाटली बर्फात ठेवून न्यावी, एवढी साधी गोष्ट आम्हाला दोन वर्षांत कोणी सांगितली नव्हती.

रोज थोडे प्रतिजैविक घेऊन संसर्ग टाळता येतो का, याचीही परीक्षा झाली आहे. स्वतः नळी घालणाऱ्या आणि वारंवार संसर्ग होणाऱ्या 404 जणांवर ब्रिटनमध्ये झालेला एक अभ्यास 2018 साली प्रसिद्ध झाला. वर्षभर रोज औषध घेणाऱ्यांमध्ये संसर्ग जवळजवळ निम्म्याने घटले. पण औषधांना दाद न देणारे जंतूही त्यांच्यात वाढले. आजचा फायदा उद्याच्या गरजेतून वळता केला जातो, असा तो व्यवहार आहे. तो करायचा तर तज्ज्ञाच्या सल्ल्याने, डोळे उघडे ठेवून करावा. 2016 पासून आपल्याकडे प्रतिजैविकांच्या पट्टीवर लाल रेघ ओळखीसाठी दिलेली आहे. ती रेघ पाहून हात आखडणारी माणसे कमी आहेत.

पाणी, मोरी आणि वेळ

तालुक्याच्या पूर्व भागात उन्हाळ्यात टँकरची वाट पाहावी लागते. पण अपंग माणूस पाणी कमी पितो त्याचे कारण टंचाई हे एकच नसते. लघवी झाली की बायकोला, आईला उठावे लागेल, कपडे भिजतील, लाज वाटेल, म्हणून तो घोट आवरतो. स्त्रियांची अडचण तर दुहेरी. लग्नकार्याला जायचे असले की त्या आदल्या रात्रीपासून पाणी तोडतात. लघवी घट्ट होते, खडे धरतात, जंतू धुऊन जात नाहीत. उलट एकदम तांब्याभर पाणी पिऊन मूत्राशय फुगवणेही वाईट. पाणी दिवसभर थोडे थोडे विभागून घ्यावे आणि एका वेळची लघवी साधारण 400 ते 500 मिलिलिटरच्या आत राहील अशा बेताने नळीच्या वेळा ठरवाव्यात. बहुतेकांना त्या दिवसातून चार ते सहा येतात. खुणा केलेले एक माप आणि एक वही, एवढ्यावर हे जमते.

श्रीमंत देशांत प्रत्येक वेळी नवी नळी वापरतात. आपल्याकडे पुष्कळ जण साधी नळी धुऊन पुन्हा वापरतात. तसे करणे भागच असेल, तर ती आतून-बाहेरून साबणाने धुऊन पूर्ण वाळवावी, ओली डब्यात कोंबू नये, कडक किंवा खरखरीत झाली की टाकून द्यावी. आणि प्रत्येक वेळी आधी हात धुवावेत.

एवढे करूनही संसर्ग वारंवार होत असेल, तर औषध बदलण्याआधी कारण शोधावे. सोनोग्राफीत मूत्रपिंडे, खडे आणि उरलेली लघवी दिसते. युरोडायनॅमिक तपासणीत मूत्राशयातला दाब मोजता येतो. दाब जास्त असेल, तर मूत्राशय शांत करणारी औषधे आहेत, बोटुलिनमचे इंजेक्शन आहे, गरज पडल्यास शस्त्रक्रियाही आहे. बद्धकोष्ठही तपासावे, भरलेले आतडे मूत्राशयाला नीट रिकामे होऊ देत नाही.

माझ्या भावाची युरोडायनॅमिक तपासणी झाली ती दुखापतीनंतर तिसऱ्या वर्षी. दाब फार होता. कायमची नळी निघाली, दाबासाठी गोळी सुरू झाली, आणि वहिनींनी भिंतीवर वेळा लिहिल्या: सकाळी सहा, दहा, दुपारी दोन, सहा, रात्री दहा. भाऊ आधी संकोचले. पंधरा दिवसांत स्वतःच्या हाताने करू लागले. संसर्ग पूर्ण थांबला असे म्हणणार नाही. गेल्या वर्षी एकदा झाला. तेव्हा नमुना आधी गेला, बर्फात गेला, आणि औषध एकच लागले. ते आता किराणा दुकानाच्या गल्ल्यावर बसतात. दोन वाजता शटर अर्धे खाली येते, पाव तासाने पुन्हा वर जाते. गिऱ्हाइकांना वाटते, जेवायला गेले असतील.