उघडी राहिलेली दारं

आपल्या मंडळाचे जुने अंक युनिकोडच्या आधीच्या फाँटमध्ये टाइप झालेत. आज त्या फायली उघडल्या की मराठीऐवजी खुणा-चिन्हांची खिचडी दिसते. पानागणिक एक फाइल. त्या सगळ्यांचं युनिकोड करून एकाच मोठ्या फायलीत ओतणारा सी भाषेतला छोटा प्रोग्राम मी सुट्टीत लिहिला. (मी साहित्याची विद्यार्थिनी, सी शिकले ती भावाच्या पुस्तकांतून, चूकभूल पदरात घ्या.) प्रोग्राम १०२० पानं नीट करायचा आणि १०२१व्या पानावर 'सेग्मेंटेशन फॉल्ट' म्हणत मान टाकायचा. तेच पान एकटं दिलं तर सुरळीत! पुढच्या पानांत माझ्या आईची एक कविता होती. ती इथलीच विद्यार्थिनी, आणि त्या कवितेची दुसरी प्रत आमच्या घरात नाही.

मग जीडीबीकडे गेले. हा डीबगर रिचर्ड स्टॉलमन यांनी १९८६ मध्ये लिहिला. चालता प्रोग्राम थांबवून त्याच्या पोटात काय चाललंय ते तो दाखवतो. त्याने दाखवलं की फाइल उघडलीच नव्हती आणि मी ते न तपासता वाचायला गेले होते. ते ठीक, पण उघडली का नाही?

लिनक्समध्ये 'प्रॉक' नावाचं एक फोल्डर असतं. त्यात प्रत्येक चालत्या प्रोसेसचं, तिच्या क्रमांकाचं फोल्डर दिसतं. ते डिस्कवर नसतंच. आपण वाचायला गेलो की कर्नल जागच्या जागी माहिती भरून देतो. त्यातल्या 'एफडी' कप्प्यात त्या प्रोसेसने उघडलेल्या फायलींचे क्रमांकवार दुवे असतात. जीडीबीची 'इन्फो प्रॉक' ही कमांड प्रोसेसचा क्रमांक, चालू फोल्डर वगैरे सांगते. 'इन्फो ओएस फाइल्स' उघड्या फायली सांगते खरी, पण अख्ख्या मशीनच्या. म्हणजे जत्रेत आपली चप्पल शोधायची.

म्हणून स्वतःचीच कमांड जोडली. २००९ साली आलेल्या ७.० आवृत्तीपासून जीडीबीला पायथन समजतं. त्याच्या 'कमांड' या क्लासवरून आपला क्लास बेतायचा, कमांडला नाव द्यायचं आणि 'इन्व्होक' नावाच्या फंक्शनमध्ये काम लिहायचं. क्लासच्या सुरुवातीला लिहिलेलं वर्णन 'हेल्प' मागितल्यावर आपोआप दिसतं. शेवटी त्या क्लासची एक वस्तू तयार करायची. हे मी विसरले आणि अर्धा तास 'अशी कमांड नाही' हेच ऐकत बसले.

खरी फजिती पुढे. मी 'सेल्फ' नावाचं फोल्डर वाचलं, कारण 'सेल्फ' म्हणजे माझाच प्रोग्राम, नाही का? नाही! आपलं पायथन जीडीबीच्या आत चालतं, त्यामुळे 'सेल्फ' म्हणजे खुद्द जीडीबी. मला डॉक्टरचाच एक्स-रे मिळाला. तपासायच्या प्रोसेसचा क्रमांक जीडीबीलाच विचारावा लागतो. त्याच्या भाषेत ती 'इन्फिरिअर'. क्रमांक शून्य आला तर प्रोसेस चालूच नाही, तेव्हा तसं सांगून गप्प बसायचं. कोसळल्यानंतर मागे उरलेल्या कोअर फायलीवर ही कमांड उपयोगी नाही, कारण मेलेल्या प्रोसेसचं 'प्रॉक'मध्ये काही उरत नाही. डीबगरखाली चालवलं तर मात्र कोसळण्याच्या क्षणी प्रोसेस थांबते, जिवंत असते, आणि सगळं वाचता येतं.

कमांडची फाइल 'सोर्स'ने चढवली, प्रोग्राम कोसळू दिला आणि कमांड दिली. पडदा भरून वाहायला लागला. ०, १, २ हे कीबोर्ड-पडद्याचे नेहमीचे तीन, ३ वर माझी मोठी फाइल, आणि ४ पासून १०२३ पर्यंत सगळी वाचून झालेली पानं, एकूण एक उघडी! माझ्या मशीनवर एका प्रोसेसला १०२४च फायली उघडता येतात. पान वाचून झाल्यावर फाइल बंद करायची ओळ मी लिहिलीच नव्हती.

ती ओळ घातली. रात्री आईला फोनवर कविता वाचून दाखवली, तर म्हणाली, "तिसऱ्या कडव्यात तेव्हाही छपाईची चूक होती, ती तेवढी सुधार."