रस्त्यावरचं मीठ

मीठ पत्र्याच्या डब्यात ठेवायचं नाही, हे आपल्याला कुणी मुद्दाम शिकवत नाही. आजीच्या घरी, आईच्या घरी ते चिनीमातीच्या बरणीतच पाहिलेलं असतं. लग्नानंतर मी एकदा घाईत बिस्किटांच्या रिकाम्या डब्यात भरलं होतं. पावसाळा संपायच्या आत डब्याचा तळ सुटून हातात आला, आणि सासूबाई नुसत्या हसल्या. त्या डब्याची आठवण मला इतक्या वर्षांनी आली ती थेट अमेरिकेतल्या मिशिगन राज्यात, लेकीची मोटार डोक्यावर उचलून धरलेली असताना!

लेकीच्या बाळंतपणासाठी गेले होते. आम्ही रत्नागिरीचे. आमची थंडी म्हणजे पहाटे शाल घेतली की झालं. तिथे डिसेंबरात पारा शून्याच्या खाली. पहिल्या बर्फाचं कौतुक दोन दिवस पुरलं. तिसऱ्या दिवशी खिडकीतून पाहते तर एक भलामोठा ट्रक पुढे लोखंडी फाळ लावून बर्फ बाजूला लोटत चाललेला, आणि मागून काहीतरी पांढरं भिरकावत.

"अगं आई, मीठ आहे ते," लेक म्हणाली.

मीठ? रस्त्यावर? चिमूटभर सांडलं तरी देवाघरी पापण्यांनी वेचावं लागतं, असं आम्हाला सांगितलेलं. इथे तर ट्रकच्या ट्रक सांडत होते.

पण मैत्रिणींनो, युक्ती आपल्याला ठाऊक असलेलीच आहे. उन्हाळ्यात पॉटमधलं आईस्क्रीम फिरवताना बर्फात खडेमीठ घालायचो ना, तीच. साधं पाणी शून्य अंशाला गोठतं, खारं पाणी त्याच्या बरंच खाली. रस्त्यावरच्या बर्फावर मीठ पडलं की त्याचं खारं पाणी होतं आणि टायरखाली काचेसारखा थर जमत नाही. उणे नऊ-दहापर्यंत साधं मीठ बरं काम करतं. त्याहून थंडी वाढली की त्याचा जोर ओसरतो आणि मग कॅल्शियम क्लोराइड, मॅग्नेशियम क्लोराइड असले मिठाचे चुलतभाऊ आणावे लागतात. काही ठिकाणी बर्फ पडण्याआधीच रस्त्यावर मिठाचं पाणी फवारून ठेवतात. त्यात कुठे कुठे बिटाचा रससुद्धा घालतात म्हणे. ऐकून मला हसू आलं, पण खरं आहे ते.

एवढं मीठ आणतात कुठून? माझ्या डोळ्यांपुढे आपली पेण-उरणकडची मिठागरं आली. पण डेट्रॉइट शहराच्या पोटातच मिठाची खाण आहे! जमिनीखाली सुमारे बाराशे फुटांवर, कोट्यवधी वर्षांपूर्वी आटलेल्या समुद्राचं मीठ. वर माणसं राहतात, गाड्या धावतात आणि खाली मीठ फोडणं चालू. ते स्वयंपाकाला नाही, रस्त्यांनाच जातं. अमेरिकेत न्यू हॅम्पशर राज्याने १९३८ साली रस्त्यावर मीठ टाकून पाहिलं. १९४१-४२च्या हिवाळ्यात सगळ्या देशाच्या महामार्गांवर मिळून ५ हजार टन मीठ पडलं होतं. आता वर्षाला साधारण दोन कोटी टन लागतं. त्यामुळे कितीतरी जीव वाचतात, यात शंका नाही. पण बरणी सोडून पत्र्याशी गाठ पडली की मीठ काय करतं, ते मी सांगायला नको.

लेकीची गाडी दहा वर्षं जुनी, तीही आधी कुणीतरी वापरलेली. नवी गाडी जावई नेत, कारण त्यांचं ऑफिस लांब. (घरातलं जुनं वाहन बाईच्या वाट्याला येतं, हे तिथेही बदललेलं नाही. असो.) बाळ दोन महिन्यांचं झालं होतं. डॉक्टरांकडे डोस द्यायला मी, लेक आणि बाळ निघालो. दवाखान्याच्या आवारात वळताना लेकीने ब्रेक दाबला आणि तिचा चेहराच बदलला. पेडल खाली खाली जात राहिलं, जवळजवळ तळाला टेकलं. गाडी थांबली, पण थांबायला हवी होती त्याच्या बरीच पुढे, बर्फाच्या ढिगात नाक खुपसून. वेग अगदी कमी होता म्हणून निभावलं. दहा मिनिटांपूर्वी आम्ही महामार्गावर होतो, हे आम्ही दोघी एकमेकींना बोललो नाही.

मेकॅनिकने गाडी वर उचलली आणि मलाही खाली बोलावून बॅटरीच्या उजेडात दाखवलं. वरून तो निळा रंग कसा चकचकीत! खाली मात्र जुन्या न्हाणीघराच्या भिंतीसारखे तांबडे पोपडे. ब्रेकचं तेल चाकांपर्यंत नेणाऱ्या बारीक लोखंडी नळ्या असतात. त्यातली एक गंजून फुटली होती आणि तेल गळून गेलं होतं. ब्रेकचे दोन वेगळे भाग असतात, एक गेला तरी दुसरा थोडाफार चालतो. त्याच्या जोरावर आम्ही थांबलो होतो. तिथेच मला तो बिस्किटाचा डबा आठवला.

नुसत्या पाण्यानेही लोखंड गंजतं, पण खाऱ्या पाण्यात गंज फार भरभर चढतो. शिवाय मिठाला ओल धरून ठेवायची खोड. पावसाळ्यात आपलं मीठ कसं पाझरतं? तसंच ते गाडीच्या सांध्यासांध्यांत, चाकांच्या वरच्या खोबणीत बसून पत्रा सतत ओला ठेवतं. मला सगळ्यात नवल वाटलं ते पुढच्या गोष्टीचं. आम्ही गाडीला थंडी नको म्हणून रोज रात्री घराच्या ऊबदार गॅरेजमध्ये ठेवायचो. पण कडाक्याच्या थंडीत गंज हळू चढतो. ऊबेत आणलं की खाली चिकटलेला खारा चिखल वितळतो आणि त्याचं काम रात्रभर चालू! माया केली तीच नडली.

हे काही आमच्याच गाडीचं नव्हतं. गंजलेल्या ब्रेकनळ्यांच्या तक्रारी इतक्या आल्या की अमेरिकेच्या सरकारी वाहन सुरक्षा विभागाने चौकशी केली. २०१५ साली ती संपवताना, मीठ टाकणाऱ्या राज्यांत ज्यांच्या गाड्या २००७च्या किंवा त्याआधीच्या आहेत त्यांनी नळ्या तपासून घ्याव्यात आणि गाडी खालून धुवावी, असा सल्ला दिला. खालून, हे महत्त्वाचं. वरचा गंज दिसतो आणि फक्त शोभा जाते. खालचा दिसत नाही.

नळ्या बदलल्या. बिल पाहून लेकीचा जीव वरखाली झाला, पण गाडीशिवाय तिथे बाईला पाय नाहीत. दूध संपलं तरी गाडी लागते. मग आम्ही नियम केला. थंडी जरा उतरून पारा शून्याच्या वर गेला की, निदान पंधरा दिवसांतून एकदा तरी, गाडी धुवायच्या ठिकाणी न्यायची आणि खालून पाण्याचे फवारे मारून घ्यायचे. कडाक्यात धुतली तर दारंच गोठून बसतात, तोही अनुभव घेतला! दाराच्या तळाशी पाणी निचरायची बारीक भोकं असतात, ती बुजू द्यायची नाहीत. हिवाळ्याआधी खालून तेलाचा किंवा मेणाचा लेप देऊन घ्यायचा. आणि बर्फ संपल्यावर एप्रिलात एकदा सगळी गाडी स्वच्छ, कारण राहिलेलं मीठ उन्हाळ्यातही गप्प बसत नाही. बुटांवरचे पांढरे डाग व्हिनेगरच्या पाण्याने जातात, हे शेजारणीने शिकवलं.

लेकीने मला बाकीचंही दाखवलं. पूल रस्त्याच्या आधी गोठतात, कारण त्यांना खालूनही वारा लागतो. गाडी घसरली तर घाबरून स्टिअरिंग गर्रकन फिरवायचं नाही. थंडीचे टायर वेगळे, कडाक्यातही मऊ राहणारे. शेजारच्या कॅनडातल्या क्वेबेक प्रांतात तर ते कायद्यानेच लावावे लागतात. डिकीत फावडं, घोंगडी, टॉर्च. आणि बर्फात अडकलात तर इंजिन चालू ठेवण्याआधी मागच्या धुराच्या नळकांड्यावरचा बर्फ काढायचा, नाहीतर विषारी वायू आत येतो. एवढं सगळं ती सहज सांगत होती. इथे असताना स्कूटीला किक मारायलाही बाबांना हाक मारणारी माझी लेक!

परत आले तेव्हा होळी झाली होती. दुसऱ्याच दिवशी मी माझी स्कूटी स्टँडवर घेतली आणि वाकून खाली पाहिलं. समुद्राच्या खाऱ्या वाऱ्यात ती आठ वर्षं उभी आहे. मडगार्डच्या आत बोट फिरवलं तर तांबडी भुकटी हाताला आली. गॅरेजवाला पोरगा म्हणाला, "काकू, खालून काय बघताय? वरून तर नवीन दिसते."

त्याला म्हटलं, "पुढच्या ब्रेकची केबल काढून दाखव आधी."

केबलच्या आतल्या तारा निम्म्या तुटलेल्या होत्या.