आठव्या वचनानंतर

१८९२च्या फेब्रुवारीत उंटांचा एक छोटा तांडा सुएझहून नऊ दिवस वाळवंट तुडवत सीनाय पर्वताच्या पायथ्याशी पोचला. तिथला सेंट कॅथरिनचा मठ सहाव्या शतकातला, ग्रीक ऑर्थोडॉक्स साधूंचा. तांड्यात ४९ वर्षांच्या दोन जुळ्या बहिणी होत्या, दोघीही विधवा: ॲग्नेस स्मिथ लुईस आणि मार्गारेट डनलॉप गिब्सन. स्कॉटलंडमध्ये वाढलेल्या, वडिलांच्या पैशावर स्वतंत्र, कट्टर प्रेस्बिटेरियन. ज्या केंब्रिजमध्ये त्या राहत होत्या, तिथे बायकांना पदवी मिळत नव्हती. ती मिळायला १९४८ साल उजाडावं लागलं.

मठातल्या साधूंना युरोपीय पंडितांचा अनुभव काही चांगला नव्हता. १८५९ साली टिशेनडॉर्फ नावाच्या जर्मन विद्वानाने चौथ्या शतकातलं बायबलचं ग्रीक हस्तलिखित परत करतो असं लिहून देऊन नेलं आणि ते रशियाच्या झारकडे पोचलं. परत काही आलं नाही. या बहिणींचं मात्र वेगळं होतं. त्या साधूंशी घडाघडा आधुनिक ग्रीक बोलत आणि त्यांना पोथी न्यायची नव्हती, फक्त फोटो काढायचे होते. ग्रंथपाल गॅलॅक्टिऑन त्यांच्यावर खूश झाला.

काय शोधायचं याचा सुगावा त्यांना रेंडेल हॅरिस या अभ्यासकाने दिला होता. एका अंधाऱ्या खोलीत सिरियाक या प्राचीन भाषेतल्या पोथ्यांच्या पेट्या आहेत, आपल्याला त्या नीट बघता आल्या नाहीत, असं तो म्हणाला होता. कॅमेरा चालवायलाही त्यानेच शिकवलं. ॲग्नेस सिरियाक नुकतीच शिकली होती.

पेट्यांतून निघालेली एक पोथी अगदी गलिच्छ होती. पानं एकमेकांना चिकटलेली. कित्येक शतकं कुणी ती उघडली नसावीत. ओढली तर फाटतील, म्हणून बहिणींनी चहाच्या किटलीची वाफ देऊन ती एकेक करून सोडवली. वरचा मजकूर स्त्री-संतांच्या चरित्रांचा, सातव्या-आठव्या शतकात लिहिलेला. चांगला होता, पण त्यासाठी कुणी एवढं वाळवंट ओलांडत नाही. ॲग्नेसची नजर त्या ओळींच्या खालून डोकावणाऱ्या फिकट अक्षरांवर खिळली. चामड्याची पानं महाग, म्हणून जुनं खरवडून त्यावरच नवं लिहायची तेव्हा रीत होती. काही पानांच्या माथ्यावर खालचे शब्द उघडे राहिले होते. तिने ते लावले: मत्तय, मार्क, लूक. बायबलातली शुभवर्तमानं! त्यावर चरित्रं लिहिली गेली तेव्हाच ती इतकी जुनी झाली होती, की खरवडून टाकायला कुणाला काही वाटलं नसावं.

तिने पानन् पान टिपलं. केंब्रिजला त्या फोटोंना कुणी फारसं विचारलं नाही. उन्हाळ्यात तरुण अभ्यासक फ्रान्सिस बर्किटला ते दाखवले, त्याने ते रॉबर्ट बेन्सलीकडे नेले आणि दोघांना कळून चुकलं. सिरियाक शुभवर्तमानांचं जे सर्वांत जुनं भाषांतर, त्याची तोवर एकच प्रत ठाऊक होती: इजिप्तच्या एका मठातून ब्रिटिश म्युझियममध्ये आलेली, विल्यम क्युरटनने १८५८ साली छापलेली. ही दुसरी, आणि तिच्याहून जुनी. मूळ भाषांतर थेट दुसऱ्या शतकाकडे बोट दाखवणारं.

१८९३ साली सगळी मंडळी सीनायला गेली. चाळीस दिवस बेन्सली, बर्किट आणि हॅरिस आळीपाळीने पोथीवर वाकले. जिथे अक्षर उमटेना तिथे ॲग्नेस ब्रशने एक रसायन लावी. त्याचा वास सडक्या अंड्यांचा, पण अक्षर गडद होऊन वर येई. मंडळींचं आपसात फारसं पटत नव्हतं. घरी परतल्यावर तीन दिवसांत बेन्सली गेला. वाचन छापून आलं १८९४ साली.

मग खळबळ उडाली. मार्कच्या सोळाव्या अध्यायात बायका येशूच्या कबरीपाशी जातात, ती रिकामी सापडते, त्या थरथरत पळतात आणि भीतीने कुणाला काही सांगत नाहीत. हे आठवं वचन. छापील बायबलांत यापुढे बारा वचनं येतात: पुनरुत्थित येशू दिसतो, शिष्यांना जगभर पाठवतो, स्वर्गात जातो. सीनायच्या पोथीत आठव्या वचनानंतर मार्क संपल्याची नोंद आहे आणि त्याच स्तंभात खाली लूक सुरू होतो. पान हरवलं म्हणायलाही जागा नाही.

हा वाद आधीपासून तापलेला होता. टिशेनडॉर्फची पोथी आणि व्हॅटिकनमधली तितकीच जुनी पोथी, दोन्ही आठव्यावर थांबतात. १८८१च्या सुधारित इंग्रजी नव्या करारात आठव्यानंतर मोकळी जागा सोडून समासात टीप दिली होती, तर जॉन बर्गन या धर्मपंडिताने १८७१ सालीच या बारा वचनांच्या बचावासाठी अख्खं पुस्तक लिहिलं होतं. त्यात हा नवा साक्षीदार, तोही ग्रीकबाहेरच्या परंपरेतला. पण साक्षीपुराव्याची गंमत अशी की क्युरटनच्या पोथीत मार्क जवळजवळ पूर्ण नष्ट झालाय. उरलीत ती फक्त शेवटची चार वचनं, सतरा ते वीस. म्हणजे दोन सख्ख्या बहिणींसारख्या पोथ्यांपैकी एक ज्या वचनांना ओळखत नाही, दुसरीकडे मार्कमधली नेमकी तीच शिल्लक! शिवाय लियोंचा बिशप आयरेनियस सन १८०च्या सुमारास त्यांतलं एक वचन देतो. तेव्हा ती नंतरची असली तरी फार नंतरची नाहीत. एकनाथांनी शके १५०६ मध्ये ज्ञानेश्वरीची प्रत शुद्ध केली, त्यामुळे घुसलेल्या ओव्यांचा प्रश्न मराठी वाचकाला नवा नाही. पण इथे एकनाथ कुणी व्हायचं, यावरच चर्चचं एकमत नाही.

मत्तयच्या पहिल्या अध्यायात तर आणखी अवघड ओळ निघाली: कुमारी मरिया ज्याला वाग्दत्त होती त्या योसेफाने येशूला जन्म दिला, असा तिचा आशय. इंग्लंडच्या नियतकालिकांतून हलकल्लोळ झाला. ॲग्नेस डगमगली नाही. त्याच वाक्यात मरियेला कुमारी म्हटलंय आणि पुढे मूल पवित्र आत्म्याचं, हे देवदूताचं सांगणंही जसंच्या तसं आहे. वंशावळीत योसेफ येतो तो कायद्याने पिता म्हणून, असं तिचं म्हणणं. मला तिचा युक्तिवाद पटण्याजोगा वाटतो, आणि तो सोयीचा होता हेही खरं.

प्रत्येक चर्चने आपापल्या रीतीने त्या बारा वचनांचं प्रकरण मार्गी लावलं. कॅथलिक चर्चच्या ट्रेंट परिषदेने १५४६ सालीच ग्रंथ ‘सर्व भागांसह’ प्रमाण ठरवले होते. १९१२ साली रोमच्या बायबल आयोगाने सांगितलं की बारा वचनं मार्कची नाहीत असं सिद्ध करायला पुरावा पुरेसा नाही. आज कॅथलिक विद्वानही ती दुसऱ्या कुणाची मानतात, तरी तीन वर्षांच्या वाचनचक्रात दर तिसऱ्या वर्षी स्वर्गारोहणाच्या सणाला त्यांतलीच वचनं वाचली जातात. ऑर्थोडॉक्स परंपरेत रविवारच्या पहाटप्रार्थनेत पुनरुत्थानाचे अकरा पाठ पाळीपाळीने येतात. तिसरा नेमका याच बारा वचनांचा. सीनायचे साधूही तो वाचतात आणि त्यांच्याच ग्रंथालयातली पोथी आठव्यावर थांबते. त्यांना यात विसंगती दिसत नाही, कारण त्यांच्या लेखी शास्त्र म्हणजे चर्च जे वाचत आलं ते. प्रोटेस्टंटांपुढे पेच मोठा. ‘केवळ शास्त्र’ म्हणायचं तर शास्त्र कुठे संपतं ते आधी ठरवायला हवं. बहुतेक नव्या इंग्रजी आवृत्त्यांनी चौकटी कंस आणि एक टीप यांवर निभावून नेलं.

अमेरिकेत टेनेसीच्या डोंगरातल्या जॉर्ज हेन्सली या धर्मोपदेशकाकडे असली टीप नव्हती. साधारण १९१०च्या सुमारास त्याने अठरावं वचन शब्दशः घेतलं: विश्वास ठेवणारे साप हाती धरतील. त्याने धरले, इतरांनाही धरायला लावले आणि त्यातून एक पंथच उभा राहिला. टेनेसीने १९४७ साली या प्रकारावर बंदी घातली. १९५५ साली फ्लोरिडात सभेत साप चावल्यावर हेन्सलीने डॉक्टर नाकारला आणि तो मेला. ॲपलेशियन डोंगरांतल्या काही लहान चर्चमध्ये आजही रविवारी सापांच्या पेट्या आणल्या जातात.